उर्बां लव्हेरिए : एक सापडलेला ग्रह आणि एक न सापडलेला

इ. स. १६८७ मध्ये न्यूटन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियम जगापुढे मांडला. विश्वातील कोणतेही दोन पदार्थ परस्परांना आकर्षित करतात आणि हे आकर्षण त्यांच्यामधील अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असा तो नियम. झाडावरून पडणारे फळ, समुद्राची भरती-ओहोटी, चंद्राची गती आणि ग्रहांच्या कक्षा या सर्वांचा उलगडा या एका सूत्राने झाला. हॅली यांनी वर्तविलेला धूमकेतू त्यांच्या मृत्यूनंतर १७५८ च्या अखेरीस खरोखरच परतला, तेव्हा या नियमाविषयी उरलीसुरली शंकाही मावळली. पुढे शतकभर खगोलशास्त्र म्हणजे न्यूटनच्या नियमाचे अधिकाधिक सूक्ष्म गणित, अशीच स्थिती होती. हे गणित ज्या थोड्या व्यक्तींनी पराकोटीला नेले, त्यांत फ्रेंच खगोलवेत्ते उर्बां ज्यां जोसेफ लव्हेरिए यांचे नाव अग्रभागी आहे. या नियमाचा सर्वांत मोठा विजय त्यांच्या हातून घडला. नियमाची सीमा कोठे आहे, हेही प्रथम त्यांच्याच आकडेमोडीतून दिसले. मात्र ती सीमा आहे हे त्यांना अखेरपर्यंत उमगले नाही.

लव्हेरिए यांचा जन्म ११ मार्च १८११ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील सँ-लो या गावी झाला. वडील सरकारी खात्यात साधे अधिकारी होते. मुलाची गणितातील गती लहानपणीच लक्षात आली. प्रारंभीचे शिक्षण गावी, नंतरचे काँ या शहरात झाले. पॅरिसमधील एकोल पॉलितेक्निक ही त्या काळातील फ्रान्सची सर्वश्रेष्ठ विज्ञानसंस्था होती. तिच्या प्रवेशपरीक्षेत लव्हेरिए पहिल्या प्रयत्नात अनुत्तीर्ण झाले. पॅरिसला राहून पुन्हा तयारी करावयाची तर पैसा हवा होता आणि तो घरात नव्हता. तेव्हा वडिलांनी राहते घर विकले आणि मुलाला पॅरिसला धाडले. १८३१ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. पुढे ज्या नावाचा युरोपभर डंका वाजला, त्या नावामागे एका सामान्य नोकरदाराने विकलेले घर आहे, ही गोष्ट विसरता येत नाही.

शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी तंबाखू उद्योगाच्या सरकारी खात्यात प्रवेश केला आणि तेथून ते रसायनशास्त्राकडे वळले. गे-ल्युसॅक यांच्या मार्गदर्शनाखाली फॉस्फरसच्या संयुगांवर त्यांनी संशोधन केले. याच मार्गाने ते गेले असते तर एक चांगले रसायनशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु १८३७ मध्ये एकोल पॉलितेक्निकमध्ये खगोलशास्त्राच्या साहाय्यक अध्यापकाची जागा रिकामी झाली आणि ती त्यांना देऊ करण्यात आली. विषय जवळजवळ नवा होता. त्यांनी ती जागा पत्करली आणि अवघ्या दोन वर्षांत सूर्यमालेच्या स्थैर्यावरील आपला पहिला निबंध विज्ञान अकादमीपुढे ठेवला. ग्रह एकमेकांना ओढत असतात. या ओढाताणीने लक्षावधी वर्षांत त्यांच्या कक्षा बिघडतील की टिकतील, असा तो प्रश्न होता. लाप्लास यांनी सुरू केलेले हे काम नव्या काटेकोरपणाने पुढे नेणारा गणिती लाभला, हे जाणकारांच्या ध्यानी आले.

यानंतर त्यांनी बुध ग्रहाचे गणित हाती घेतले. सूर्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या या चपळ ग्रहाचे स्थान वर्तविणे फार अवघड होते. ८ मे १८४५ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकताना दिसणार होता. या अधिक्रमणाची वेळ लव्हेरिए यांनी काढली. प्रत्यक्ष वेधात बुध सुमारे १६ सेकंद उशिरा अवतरला. पूर्वीच्या गणितांच्या तुलनेत ही अचूकता थक्क करणारी होती; लव्हेरिए यांचे मात्र समाधान झाले नाही. छपाईला निघालेले काम त्यांनी मागे घेतले आणि बुधाचा प्रश्न बाजूला ठेवला. त्या सोळा सेकंदांत काय दडले आहे, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

त्याच वर्षी पॅरिस वेधशाळेतील ज्येष्ठ शास्त्रज्ञ आरागो यांनी त्यांचे लक्ष युरेनसकडे वेधले. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी शोधलेला हा ग्रह सूर्याभोवतीची एक फेरी ८४ वर्षांत पूर्ण करतो. त्याचे गणित मांडून पंचांग तयार करावे आणि काही वर्षांतच ग्रहाने ते मोडावे, असा अनुभव वारंवार येत होता. याची कारणे दोनच संभवत होती. एक तर युरेनसच्या पलीकडे कोणी न दिसणारा ग्रह असून तो त्याला ओढत असावा, किंवा सूर्यापासून इतक्या प्रचंड अंतरावर न्यूटनचा नियम किंचित बदलत असावा. इंग्लंडचे राजज्योतिषी एअरी यांच्या मनात हा दुसरा विचार येऊन गेला होता. लव्हेरिए यांनी तो बाजूला सारला. नियम अबाधित आहे असे धरूनच त्यांनी अज्ञात ग्रहाचा शोध सुरू केला.

नेहमीच्या गणितात ग्रहाचे वस्तुमान व कक्षा दिलेली असते आणि त्याचा शेजाऱ्यावरील परिणाम काढावयाचा असतो. येथे सारे उलटे होते. परिणाम हाती होता, तोही थोड्याशा विकलांच्या फरकाच्या रूपात. त्यावरून न पाहिलेल्या ग्रहाचे वस्तुमान, अंतर आणि आकाशातील जागा काढावयाची होती. नोव्हेंबर १८४५ ते ऑगस्ट १८४६ या काळात तीन निबंधांतून त्यांनी हे काम पुरे केले. ३१ ऑगस्टच्या निबंधात ग्रह आकाशात कोठे सापडेल आणि दुर्बिणीत त्याची तबकडी केवढी दिसेल, हेही त्यांनी सांगितले. फ्रान्समधील वेधशाळांनी या भाकिताची फारशी दखल घेतली नाही. तेव्हा त्यांना बर्लिन वेधशाळेतील योहान गाले या तरुण साहाय्यकाची आठवण झाली. गाले यांनी वर्षभरापूर्वी आपला प्रबंध त्यांना पाठविला होता आणि त्याची पोच द्यायची राहून गेली होती. १८ सप्टेंबर रोजी लव्हेरिए यांनी ती पोच दिली आणि त्याच पत्रात नव्या ग्रहाचा शोध घेण्याची विनंती केली.

पत्र २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनला पोहोचले. वेधशाळेचे प्रमुख एन्के यांचा तो पंचावन्नावा वाढदिवस होता. थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी त्या रात्रीपुरती दुर्बीण वापरू दिली. हाइनरिख द'आरे हा विद्यार्थी मदतीला आला. आकाशाच्या त्या भागाचा नुकताच छापलेला नकाशा वेधशाळेत होता. गाले दुर्बिणीतून एकेका ताऱ्याचे स्थान सांगत होते आणि द'आरे नकाशावर ते पडताळून पाहत होते. थोड्याच वेळात नकाशात नसलेला एक बिंदू सापडला. लव्हेरिए यांनी सांगितलेल्या जागेपासून तो एका अंशाहूनही कमी अंतरावर होता. पुढल्या रात्री तो जागेवरून सरकल्याचे दिसले आणि शंका फिटली. टेबलाशी बसून केवळ लेखणीने लावलेला हा पहिला ग्रह. त्याला नेपच्यून हे नाव मिळाले.

याच काळात इंग्लंडमध्ये जॉन काउच ॲडम्स या तरुण गणितीनेही हाच प्रश्न सोडविला होता आणि १८४५ च्या शरद ऋतूत आपली उत्तरे एअरी यांच्याकडे पोहोचविली होती. केंब्रिजचे चॅलिस यांनी १८४६ च्या उन्हाळ्यात शोध घेतलाही. ऑगस्टमध्ये नेपच्यून त्यांच्या दुर्बिणीत दोनदा आला, पण त्यांना तो ओळखता आला नाही. श्रेय कोणाचे, यावरून दोन्ही देशांत मोठा वाद पेटला. वृत्तपत्रे परस्परांवर तुटून पडत असताना ज्या दोघांवरून भांडण होते, ते मात्र १८४७ मध्ये ऑक्सफर्डला भेटले आणि त्यांच्यात कटुता आली नाही. पुढे १८७६ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सुवर्णपदक लव्हेरिए यांना मिळाले, तेव्हा संस्थेचे अध्यक्ष ॲडम्सच होते.

नेपच्यूनने लव्हेरिए यांना कीर्ती, मान आणि सत्ता दिली. १८५४ मध्ये आरागो यांच्या पश्चात ते पॅरिस वेधशाळेचे संचालक झाले. त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी काळ्या समुद्रात भीषण वादळ झाले आणि क्रिमियाच्या युद्धात गुंतलेल्या फ्रेंच व ब्रिटिश नौदलाची अनेक जहाजे बुडाली. सरकारने त्यांना याची चौकशी सोपविली. युरोपभरातून त्या दिवसांच्या हवामानाच्या नोंदी मागवून त्यांनी दाखवून दिले, की हे वादळ युरोप ओलांडत पूर्वेकडे गेले होते आणि तारायंत्राने आगाऊ सूचना देता आली असती. यातूनच तारेने हवामानाच्या नोंदी गोळा करणारे जाळे उभे राहिले. आजच्या हवामान-अंदाजांच्या पूर्वजांमध्ये त्याची गणना होते.

हेच लव्हेरिए माणसांशी वागताना फार कठोर होते. वेधशाळेतील साहाय्यकांना त्यांचा जाच असह्य झाला आणि अनेक गुणी माणसे सोडून गेली. अखेर कर्मचाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की फेब्रुवारी १८७० मध्ये सरकारने त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी आलेले दलोने हे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी. दोनच वर्षांनी शेरबूरजवळ समुद्रात बुडून दलोने यांचा अंत झाला आणि १८७३ मध्ये लव्हेरिए यांना पुन्हा पाचारण करण्यात आले. मात्र या वेळी त्यांच्या अधिकारांना मर्यादा घालण्यात आल्या. चरित्रकाराला ही बाजू झाकता येणार नाही. ग्रहांच्या गणितात विकलेचा फरकही खपवून न घेणारा तो स्वभाव माणसांच्या उणिवांनाही क्षमा करीत नव्हता.

मध्यंतरी, १८५९ मध्ये, त्यांनी बुधाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला होता. बुधाची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. तिच्यावरील सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपसूर्यबिंदू, एका जागी स्थिर राहत नाही. इतर ग्रहांच्या ओढीने तो हळूहळू पुढे सरकतो. शुक्राचा वाटा यात सर्वांत मोठा, त्यानंतर गुरूचा आणि पृथ्वीचा. दीडशे वर्षांतील अधिक्रमणांच्या नोंदी तपासून लव्हेरिए यांनी सर्व ग्रहांचा परिणाम मोजला आणि तो वजा केला. तरीही शतकामागे ३८ विकला शिल्लक राहिल्या. पुढे अमेरिकेचे न्यूकम यांनी हा आकडा सुधारून ४३ केला. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे १,८०० विकलांचे दिसते. म्हणजे या शिलकी गतीने चंद्रबिंबाएवढे अंतर कापण्यास चार हजारांहून अधिक वर्षे लागतील. इतका क्षुल्लक फरक दुसऱ्या कोणी वेधातील चूक म्हणून सोडून दिला असता. लव्हेरिए यांना आपल्या गणिताची खात्री होती. त्यांनी तो जगजाहीर केला.

याचे कारण काय? शुक्राचे वस्तुमान मानले आहे त्याहून सुमारे एकदशांशाने अधिक धरले तर हिशेब जुळला असता, पण मग पृथ्वीची गती बिघडली असती. म्हणून ती वाट बंद होती. युरेनसच्या वेळचेच दोन पर्याय पुन्हा समोर होते : न दिसणारे वस्तुमान किंवा अपुरा नियम. तेरा वर्षांपूर्वी पहिल्या पर्यायाने नेपच्यून दिला होता. लव्हेरिए यांनी या वेळीही तोच स्वीकारला. सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान एखादा ग्रह किंवा लहान पिंडांचा समूह असला पाहिजे, असे त्यांनी सुचविले.

त्या वर्षाच्या अखेरीस ओर्जेर या खेड्यातील डॉक्टर लेस्कार्बो यांचे पत्र आले. २६ मार्च १८५९ रोजी आपण सूर्यबिंबावरून एक काळा गोल ठिपका सरकताना पाहिला, असे त्यांनी कळविले होते. लव्हेरिए ३१ डिसेंबरला पूर्वसूचना न देता, रेल्वेने आणि नंतर पायी, डॉक्टरांच्या दारी हजर झाले आणि ओळख न देता त्यांनी उलटतपासणी सुरू केली. डॉक्टरांकडे सेकंद दाखविणारे घड्याळ नव्हते. रेशमी दोऱ्याला हस्तिदंती गोळी बांधून त्यांनी लंबक केला होता. आकडेमोड ते लाकडी फळीवर करीत आणि फळी भरली की रंधा मारून ती पुन्हा कोरी करीत. अशा साधनांनिशी चाललेल्या या प्रामाणिक उद्योगाने कठोर परीक्षकाचेही समाधान झाले. डॉक्टरांना राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नाव पडले. सूर्याभोवती तो वीस दिवसांहून कमी काळात फिरतो, असे गणितही झाले.

व्हल्कन पुन्हा दिसला नाही. त्याच दिवशी, त्याच वेळी ब्राझीलमधून सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या लिए या फ्रेंच खगोलवेत्त्यांना बिंबावर काहीही आढळले नव्हते. कधी कोठून ठिपका पाहिल्याची बातमी येई, पण तपासाअंती तो सूर्यावरील डाग ठरे. लव्हेरिए यांनी सर्व नोंदी एकत्र करून २२ मार्च १८७७ रोजी अधिक्रमण होण्याचा संभव वर्तविला. जगभरच्या दुर्बिणी सूर्याकडे वळल्या; बिंब निष्कलंक राहिले. त्याच वर्षी २३ सप्टेंबर रोजी, नेपच्यून सापडला त्या तारखेलाच, एकतीस वर्षांनी, लव्हेरिए यांचे निधन झाले. सर्व मोठ्या ग्रहांचे गणित नव्याने मांडण्याचे प्रचंड काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत नेटाने पूर्ण केले होते. व्हल्कनवरचा त्यांचा विश्वास मात्र ढळला नव्हता.

त्यांच्यानंतर १८७८ च्या खग्रास ग्रहणात व्हल्कन दिसल्याचा दावा झाला, पण तोही टिकला नाही. १८९४ मध्ये आसफ हॉल यांनी दुसरा मार्ग सुचविला : न्यूटनच्या सूत्रात अंतराचा घातांक २ ऐवजी २.००००००१६ घ्यावा. बुध जुळला, पण चंद्राच्या गतीने ही दुरुस्ती पुढे खोटी ठरविली. सूत्राला ठिगळ लावून भागणारे नव्हते. पायाच नव्याने घालावा लागणार होता. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइन यांनी बर्लिनच्या अकादमीपुढे आपल्या नव्या गुरुत्वाकर्षण-सिद्धांतावरून काढलेले बुधाचे गणित ठेवले. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांनाच वक्रता येते, आणि ग्रह त्या वक्रतेला अनुसरून फिरतात, अशी त्यांची मांडणी होती. कोणताही नवा ग्रह न मानता आणि कोणताही आकडा पदरचा न घालता उत्तर निघाले : शतकामागे ४३ विकला.

एकच नियम नेपच्यूनपाशी पुरेसा आणि बुधापाशी अपुरा का ठरावा? गुरुत्वाकर्षण किती तीव्र आहे, यावर ते अवलंबून असते. सूर्याच्या वस्तुमानाला अनुरूप अशी एक लांबी सिद्धांतातून निघते. ती सुमारे दीड किलोमीटर आहे. ग्रहाच्या अंतराशी या लांबीचे गुणोत्तर जितके लहान, तितका न्यूटनचा नियम अचूक. बुधापाशी हे गुणोत्तर सुमारे चार कोटींत एक आहे, नेपच्यूनपाशी त्याहून कितीतरी पटींनी कमी. बुधाची चूक शतकानुशतके साचत गेली म्हणूनच ती दिसली. जेथे सूर्याहून अधिक वस्तुमान वीस-पंचवीस किलोमीटर व्यासात कोंबलेले असते, त्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठावर हेच गुणोत्तर पाचात एकाच्या घरात जाते. तेथे न्यूटनचा नियम कामाचाच राहत नाही. १९७४ मध्ये सापडलेल्या अशा एका जोडताऱ्याची कक्षा वर्षाला चार अंशांहून अधिक फिरते. बुधाला शतकात जे जमत नाही, त्याच्या शेकडो पट ती वर्षात फिरते. कृष्णविवराच्या गाभ्यापाशी तर आइन्स्टाइन यांचे समीकरणही अनंत घनतेचे निरर्थक उत्तर देते. मीटरचे एकावर पस्तीस शून्ये इतके भाग केले तर त्या सूक्ष्म लांबीच्या आसपास गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांचा मेळ घालणारा सिद्धांत लागेल, आणि तो अद्याप पूर्णत्वास गेलेला नाही.

दुसऱ्या टोकाला, दीर्घिकांच्या विराट पसाऱ्यात, लव्हेरिए यांचाच प्रश्न आज पुन्हा उभा आहे. दीर्घिकांच्या कडेचे तारे दृश्य वस्तुमानाच्या मानाने फार वेगाने फिरतात. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यावरून न दिसणारे कृष्णद्रव्य मानतात. १९८३ पासून मिल्ग्रोम आणि त्यांचे काही अनुयायी नियमच बदलावयास हवा असे म्हणतात. हा नेपच्यूनचा मामला आहे की व्हल्कनचा, हे वेधच सांगतील. ते सांगण्यासाठी आधी कोणीतरी हिशेब शेवटच्या विकलेपर्यंत मांडावा लागतो.

आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या बहात्तर नावांत लव्हेरिए यांचे नाव आहे, पॅरिस वेधशाळेत त्यांचा पुतळा आहे आणि नेपच्यूनभोवतीच्या एका कड्याला त्यांचे नाव दिलेले आहे. हे सारे त्यांनी शोधलेल्या ग्रहासाठी आहे. परंतु विज्ञानावर त्यांचे याहून मोठे ऋण त्या अडतीस विकलांचे आहे. त्यांचा अर्थ लावण्यात ते चुकले. त्या मोजण्यात आणि मोजल्यावर त्या न लपविण्यात चुकले नाहीत. छप्पन्न वर्षांनी आइन्स्टाइन यांना आपला सिद्धांत पारखून पाहण्यासाठी जो आकडा तयार मिळाला, त्याचा पाया सँ-लोच्या त्या मुलाने घातलेला होता.